नोंद सहावी: बाभूळ म्हटलं ते चुकलंच

मागच्या नोंदीत शिरपूरजवळ तापीच्या वाळूत सापडलेल्या दगडाला, म्हणजे दगड झालेल्या जुन्या लाकडाला, मी ‘बाभळीसारखं लाकूड’ म्हटलं होतं. ते मागे घेतो. बाहेरून उभ्या भेगा, खडबडीत साल, रंगही तसाच. फसलो.

रविवारी धुळ्यात मार्बलवाल्याकडून आडवा काप घेतला. पाणी सोडूनही ब्लेड किंचाळत होतं, एवढी त्याची गारगोटी झालेली. कारागीर म्हणे, “भाऊ, हाई लाकूड शे का दगड?” म्हटलं, दोन्ही.

चकती ओली करून उन्हात धरली आणि उत्तर तिथंच मिळालं. वलयं नाहीत, मध्यातून सालीकडे जाणारे किरण नाहीत. नुसते ठिपके, कडेला दाटीवाटीनं, मध्यात विरळ. बांधावरची शिंदी तोडल्यावर खोड दिसतं ना, तस्संच. म्हणजे ताडकूळ.

मग काचेवर चिकटवून घासायला घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ठिपका उघडला: एका बाजूला तंतूंची जाड टोपी, वालाच्या दाण्यासारखी, आणि तिच्या खोबणीत पाणी वाहणाऱ्या दोन मोठ्या नलिका. अर्धा तास डोळा काढवेना.

नाव पामॉक्सिलॉन. वनस्पतिशास्त्रज्ञ शेंकनं 1882मध्ये दिलेलं, ‘क्सिलॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये लाकूड. नवीन मंडळींसाठी सांगतो, हे खोडाचं नाव आहे, अख्ख्या झाडाचं नाही. ताडाचं मूळ सुटं सापडलं तर ते रायझोपामॉक्सिलॉन. कोळसायुगातल्या लेपिडोडेंड्रॉन या झाडाच्या मुळांनाही स्टिग्मारिया हे वेगळंच नाव आहे. अवयव एकमेकांना जोडलेले सापडत नाहीत, तोवर असंच चालायचं.

जातीपर्यंत जायला टोपीचा आकार, नलिकांची संख्या, चौरस सेंटीमीटरमधले ठिपके, मधल्या पेशींतल्या पोकळ्या, सगळं पाहतात. पण माझ्या एकाच चकतीत कडेला 60 ठिपके भरले आणि मध्यात 22! कडेचा नि मध्याचा तुकडा वेगवेगळ्या माणसांना मिळाला असता, तर दोन जाती झाल्या असत्या. लहान तुकड्यावरून बेतलेल्या जातींवर माझा म्हणूनच फार विश्वास नाही.

त्यात हा वाहून आलेला दगड. तापी मुलताईहून निघते. वाटेत कुठल्या थरातून निखळला, कुणी सांगावं? चिठ्ठीवर लिहिलं: ‘पामॉक्सिलॉन, जात अनिश्चित, नदीच्या वाळूतून’.

उभा काप पुढच्या रविवारी. 400 नंबरची कार्बोरंडम (घासायची) पावडर जास्तीची असेल तर कळवा. माझी दोन स्लाइडींतच संपली, आणि त्यातली पहिली घासता घासता काचेवरून गायबच झाली.