काट्यावरचे दोन आकडे

होडीची मागची बाजू ट्रेलरवरून दोन बोटं वर आली, तशी मी साखळी थांबवली आणि काट्याकडे पाहिलं. ९०५ किलो. माझ्या वहीत ७०१ लिहिलेलं होतं. वीस-पंचवीस किलोचा फरक मी धरूनच चालतो. पण दोनशे किलो म्हणजे तीन माणसं. ती तीन माणसं होडीत कुठेतरी बसलेली होती आणि मला दिसत नव्हती.

काम तसं रोजचंच. सहा मीटर लांबीची फायबरची होडी, ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या सपाट भिंतीला, लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन आणि खाली वाकलेल्या आसाचा ट्रेलर. आस बदलायचा तर होडी आधी उचलून बाजूला ठेवायला हवी. क्रेन नव्हती. दोन गॅन्ट्री म्हणजे वजन टांगायच्या उभ्या लोखंडी चौकटी, प्रत्येकीला एक टनाची चेनपुली, रुंद कापडी पट्टे आणि एक लटकता काटा एवढ्यावर भागवायचं होतं. हाताखालचा पोरगा नवा, कामाला उतावीळ. म्हणाला, "दादा, कागदावर वजन ७८० आहे आणि आपल्याकडे दोन टनांची सोय आहे. घेऊ उचलून."

कागदावरचं वजन नुसत्या सांगाड्याचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. इंजिन १६० किलो, टाकीत शंभर लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७४ किलो, बॅटरी २५, नांगर आणि त्याची साखळी मिळून ३०. बेरीज १०६९ झाली. आणि एक टनाच्या दोन पुल्या म्हणजे दोन टन, हेही खरं नाही. काठीला बोचकं अडकवून दोघांनी खांद्यावर घेतलं, तर बोचकं ज्याच्या जवळ त्याचा खांदा आधी दुखतो. होडीचं तेच. एक पुली निवांत असते आणि दुसरी मरत असते.

म्हणून मी आधी वही काढतो. ट्रान्सम म्हणजे शून्य धरायचं आणि प्रत्येक वस्तू तिथून किती मीटरवर आहे ते मोजायचं. सांगाड्याचा गुरुत्वमध्य २.३ मीटरवर धरला, टाकी १.५ वर, बॅटरी ०.४ वर, नांगर नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, ५.२ वर. इंजिन ट्रान्समच्या मागे लटकतं, म्हणून त्याचं अंतर उणे ०.२. वजन गुणिले अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. गुरुत्वमध्य आला १.९ मीटरवर. पट्टे बसवायचे होते ०.६ आणि ४.४ वर, कारण तिथे आतून आडव्या भिंतींचा आधार आहे. त्यावरून मागच्या पट्ट्याला ७०१ आणि पुढच्याला ३६८. जवळजवळ दोनास एक.

याच हिशेबात पोराला इंजिनाची गंमत दाखवली. १६० किलोचं इंजिन मागच्या पट्ट्यावर १६० नाही, १९४ किलो टाकतं. ते पट्ट्याच्या पलीकडे लटकत असल्याने पट्टा टेकू होतो आणि होडी तरफ. ते जास्तीचे ३४ किलो पुढच्या पट्ट्यावरून वजा होतात. त्याने दोनदा गुणाकार करून पाहिला आणि मग स्वतःहून म्हणाला, "म्हणजे इंजिन काढलं तर मागे उतरेल आणि पुढे चढेल?" मला फार बरं वाटलं. होडीच्या मालकांना मात्र इंजिनाच्या केबली सोडवायच्या नव्हत्या, म्हणून ते जागेवरच ठेवून सुरुवात केली.

पट्टे पुलीच्या हुकाला थेट अडकवले नाहीत. तसे अडकवले की पट्ट्याचे दोन पाय होडीच्या काठांना आत दाबतात. पाय आडव्यापासून ३० अंशांवर आले, तर प्रत्येक पायात सगळ्या वजनाइतका ताण येतो. ६० अंशांवर तोच जेमतेम ५८ टक्के असतो. फायबरचा काठ असा दाब सोसत नाही, तडकतो. म्हणून होडीच्या रुंदीपेक्षा हातभर लांब लोखंडी दांडा आडवा टाकला आणि पट्टे त्याच्या टोकांवरून सरळ खाली सोडले.

काटा एकच होता, त्यामुळे एका वेळी एकच टोक उचलायचं. दुसरं टोक त्याच्या पट्ट्याच्या बरोबर रेषेत ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकवायचं. ठोकळा तसूभर सरकला तर आकडा खोटा. दोन्ही टोकांचे आकडे मिळवले की खरं वजन मिळतं. नाळ उचलताना आणखी एक जपावं लागतं. पुढचा भार निघून गेला की उरलेलं सगळं आसाच्या मागे पडतं आणि ट्रेलरची गाडीला अडकवायची जोडदांडी उसळून वर येते. ती हनुवटीला लागलेला माणूस मी पाहिला आहे. म्हणून ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीखाली घोडे लावले आणि चाकांना दोन्हीकडून पाचरी ठोकल्या.

एवढं सगळं करून ९०५.

आधी स्वतःची चूक शोधली. ट्रेलरला बांधलेला एखादा पट्टा सोडायचा राहिला असेल तर चेनपुली होडीबरोबर ट्रेलरलाही ओढते. सगळे सुटलेले होते. ओळंबा सोडून पट्ट्याची जागा पुन्हा मोजली, बरोबर होती. काटा रिकामा करून पाहिला, शून्य. मग मागची बाजू ठोकळ्यावर उतरवली आणि पुढची उचलली. ३९२. मागे २०४ जास्त, पुढे फक्त २४.

हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मी पोराला हाक मारली. कुठलं तरी २२८ किलोचं अनोळखी वजन आहे, हे बेरजेने सांगितलं. पण ते कुठे आहे, हेही याच दोन आकड्यांत होतं. पट्ट्यांमधलं अंतर ३.८ मीटर, त्याला २४ ने गुणून २२८ ने भागलं, ०.४ आलं. मागच्या पट्ट्यापासून ०.४ म्हणजे ट्रान्समपासून एक मीटर. खडूने तिथे फरशीवर फुली मारली. सांगाड्याचा गुरुत्वमध्य मी अंदाजाने धरलेला, त्यामुळे फुली वीतभर इकडेतिकडे होऊ शकते, हे त्याला सांगून ठेवलं.

लाकडी हातोडीने ठोकत गेलो. दोन मीटरवर टणटण आवाज. दीडवर तसाच. फुलीच्या जवळ आलो तसा आवाज बसला, ओल्या वाळूवर ठोकावं तसा धप्प. इथे फरशीखाली फोम भरलेला असतो, होडीत पाणी शिरलं तरी ती तरंगावी म्हणून. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी कसं असेल? ती आठ महिने पाण्यात उतरलीच नाही." आसनाचे स्क्रू पाहिले, तर दोन स्क्रूंभोवतीचा सीलंट निघालेला होता. आठ महिने पावसाचं पाणी त्या दोन भोकांतून आत झिरपत होतं आणि बाहेर पडायच्या वाटेत कुजका फोम अडकला होता.

दुसऱ्याच्या होडीला भोक पाडायचं म्हणून त्यांची स्पष्ट परवानगी घेतली आणि मागच्या आतल्या भिंतीला अगदी तळाशी सहा मिलिमीटरचं ड्रिल लावलं. ड्रिल बाहेर काढताच तपकिरी पाण्याची धार माझ्या मनगटावर आली, थंडगार, कुजक्या वासाची. वीस लिटरचे सात डबे भरले, म्हणजे १४० किलो. उरलेलं फोमने धरून ठेवलं होतं, ते असं सहज सुटणारं नव्हतं. पोरगा प्रत्येक डब्यानंतर वहीत वजाबाकी करत होता. मालकांनी आस वाकल्याचा दोष खराब रस्त्यांना दिला होता. डब्यांची ओळ पाहिल्यावर त्या आसाची मला कीवच आली.

पुन्हा मागचं टोक उचललं, ७८० आलं. एक टनाच्या पुलीवर मी पाऊण टनाच्या पुढे जात नाही, मग ती कितीही नवी असो. मालक आता काही बोलले नाहीत, केबली सोडवल्या, इंजिन वेगळ्या घोडीवर उतरवलं. "आता किती येईल?" मी पोराला विचारलं. त्याने वही न उघडता सांगितलं, "मागे ५८६, पुढे ४११." काट्यावर ५९० आणि ४१० आले.

मग दोघांनी दोन साखळ्या हातात घेतल्या. तो मोठ्याने मोजत होता, मी त्याच्या आकड्यावर ओढत होतो, दहा कड्या त्याच्या, दहा माझ्या. काठावर ठेवलेल्या लेव्हलमधला बुडबुडा मधल्या दोन रेषांच्या आतच राहिला. ट्रेलर खालून ओढून काढला. होडी कीलखालच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याखालच्या, तीन ठोकळ्यांवर आणि बाजूच्या चार टेकूंवर बसली, पट्टे सैल झाले आणि मागच्या भोकातून अजून थेंब पडत होते. त्याखाली आठवा डबा ठेवून आम्ही आस खोलायला घेतला.