पानांत लपलेली सही

“आई, यात माणसं कुठायत?”

लेकीनं विचारलं आणि मीही शोधू लागले. लॅपटॉपवर फान क्वान या चिनी चित्रकाराचं चित्र होतं. इ.स. १००० च्या सुमाराचं, रेशमावर शाईनं काढलेलं, आता तैपेईच्या संग्रहालयात असलेलं. मूळ चित्र दोन मीटरहून उंच! जवळजवळ सगळं डोंगरानंच व्यापलेलं. धबधबा म्हणजे दोऱ्याएवढी पांढरी रेघ.

माणसं सापडली. खाली उजव्या कोपऱ्यात, खेचरांबरोबर चाललेली. मुंगीएवढी.

मग तिला सांगितलं, अगं, चित्रकारही इथंच आहे. खेचरांच्या मागच्या झाडोऱ्यात, पानांच्या गर्दीत त्यानं नाव लिहिलंय. ते अभ्यासकांच्या नजरेला पडलं थेट १९५८ साली. साडेनऊशे वर्षं तो त्या पानांत गप्प बसून होता.

म्हणतात, तो डोंगरातच एकटा राहायचा, दिवसभर नुसता बघत बसायचा.

रात्री फोनमधले आमचे सह्याद्रीतले फोटो पाहिले. प्रत्येकात आम्ही पुढे, डोंगर मागे. त्यातल्या एकाही डोंगराचा आकार मला आठवेना. तेच मनात राहिलंय.

तुम्ही शेवटचं एखाद्या डोंगराकडे नुसतं बघत कधी बसला होतात?