गावतळ्यातलं केंदाळ काढताना

तळ्यातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढायचं ठरलं तेव्हा पहिली मागणी आली फवारणीची. तणनाशक मारा, आठवड्यात तळं मोकळं, असं सांगणारे बरेच होते. मी ठाम विरोध केला. फवारलेली जलपर्णी मरते, पण जाते कुठे? तळाशी बसून कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे तडफडून मरतात. आमची गुरंही त्याच पाण्यावर. कुणीतरी जलपर्णी खाणाऱ्या निओकेटिना भुंगेऱ्यांचं नाव काढलं. १९८० च्या दशकात ते परदेशातून आणून बेंगळुरूच्या आसपास सोडले होते. उपाय चांगला, पण त्याला काही वर्षं द्यावी लागतात. शेवटी हातानेच काढायचं ठरलं.

मे महिना धरला. पाणी उतरलेलं असतं, केंदाळाचा घेरही आकसतो. दुपारनंतरचा पश्चिम वारा सगळी दाटी पूर्वेच्या काठाला रेटतो, त्याचा फायदा घेतला. दोराला बांबू बांधून लांब पट्टा केला आणि वाऱ्याच्या दिशेने ओढत आणला. काठाजवळचं जेसीबीने उचललं, उरलेलं पोरांनी छातीभर पाण्यात उतरून दाताळ्यांनी ओढलं. एक गोष्ट आवर्जून सांगते: ओलं केंदाळ लगेच ट्रॉलीत भरू नका. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, डिझेल फुकट जातं. आम्ही ते चढावर पसरून वाळू दिलं, पावसाचं पाणी पोचणार नाही इतकं लांब. मग शेणाचे थर देऊन खत केलं.

पाऊस पडला आणि काठच्या चिखलातून कोवळे कोंब वर आले. हे होणारच होतं, कारण जलपर्णीचं बी चिखलात वीस वर्षंही तग धरतं. पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, म्हणून कोंब दिसला की फूल यायच्या आत उपटायचा. आमच्या बचत गटातल्या बायकांनी काठ वाटून घेतला आहे आणि त्या हे काम मनापासून करतात.

पण केंदाळ पोसतं ते सांडपाणी. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यात येत राहिला, तर उपसा कधीच संपणार नाही. वरच्या गल्लीत शोषखड्डे झाले, तिकडचा काठ बराच स्वच्छ राहतो. खालच्या गल्लीचं गटार अजून थेट तळ्यात येतं. त्याचा ठराव आम्ही येत्या ग्रामसभेत मांडतो आहोत.