मृग ते मृग: एका मामा तलावाची वही

आकडा आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही तोच शोधणार आहात. वर्षभरात पक्ष्यांच्या १८३ जाती झाल्या. ठरवल्या होत्या २००. पण या १८३ मधल्या ११२ एकट्या आमच्या गावच्या तलावावर मिळाल्या, आणि त्याच तलावाची मागच्या वर्षीची यादी ६४ वर अडली होती. तलाव तोच, दुर्बिणीही त्याच. फरक एवढाच की यंदा आम्ही गाडी कमी पळवली.

आमचं पक्ष्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. मृग लागला की नवी वही. तेव्हा तलावाचं पाणी तळाला गेलेलं असतं, थंडीतली बदकं कधीच परतलेली असतात, जंगलात नवरंग शिट्टी घालू लागतो आणि घरात मामाजींची बियाण्यांची लगबग चाललेली असते. (मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या विदर्भात सून सासऱ्यांना मामाजीच म्हणते.) हिशेब बंद करायला याहून बरी वेळ नाही.

मामाजी वेगळे आणि मामा तलाव वेगळा, हेही बाहेरच्यांसाठी सांगते. माजी मालगुजारी तलाव, त्याचा झाला मामा तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. आमच्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात ते इतके आहेत की कुठल्याही रस्त्याने दहा मिनिटं जा, उजवीकडे नाहीतर डावीकडे पाणी चकाकतंच. यातले पुष्कळ कोहळी लोकांनी बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरेने सांगतात. आमचा तलाव त्यापुढे वाटीएवढा. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, माझ्या पावलांनी अकराशे, धाकट्याच्या पावलांनी किती ते पुढे येईल.

यंदाचा नियम एकच होता. दर रविवारी उजाडताच एक तास, याच पाळीवर, दक्षिण टोकाकडून सांडव्यापर्यंत. पाऊस असो, घरी पाहुणे असोत. आधीची तीन वर्षं आम्ही नागझिरा, नवेगाव, परसवाडा, इटियाडोह असे भटकत होतो आणि प्रत्येक ठिकाणी तेच वीस-पंचवीस सोपे पक्षी पाहून परतत होतो. नव्याने सुरू करणाऱ्यांना माझा सल्ला विचाराल तर एकच तलाव धरा. कंटाळा येईल. तिसऱ्या महिन्यात फार येईल. तरी धरा.

आम्हाला तो कंटाळा यायच्या आतच जुलैने वाचवलं.

१३ जुलैला मोठीने (वय १२) स्कोपमधून (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) कमळाच्या पानांवर बसलेला लांब शेपटीचा कमळपक्षी दाखवला. चाळीस मिनिटं तो हलला नाही. मग उठला, चार पावलं गेला, आणि खाली चार अंडी दिसली. तपकिरी, तेल लावून पुसल्यासारखी चकचकीत, एका टोकाला निमुळती. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच, चार काड्या ओल्या पानावर टाकलेल्या. बसणारा नर होता. कमळपक्ष्यांत मादी अंडी देते आणि दुसऱ्या नराकडे जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. ही माहिती मी जेवताना मुद्दाम मोठ्याने सांगितली. नवऱ्याने वरण वाढून घेतलं आणि विषय बदलला.

२२ तारखेला रात्रभर कोसळला. सकाळी पाहतो तर सांडवा वाहतोय, कमळाची पानं पाण्याखाली आणि अंड्यांची जागा सपाट. मोठी त्या दिवशी शाळेत न बोलता गेली. पुढच्या रविवारी मी स्कोप उगाच लावला, तर पहिल्या जागेपासून दहा-बारा मीटरवर, शिंगाड्याच्या वेलांच्या जाळीत, तोच पवित्रा! हा नर पाणी चढलं की चोच आणि छातीच्या मध्ये अंडं धरून मागे मागे चालत दुसरीकडे नेतो, हे वाचलं होतं. नेताना पाहायला मिळालं नाही, पण नेल्याशिवाय ती तिथे पोहोचणार कशी? आता अंडी तीन होती.

१० ऑगस्टला पिल्लं दिसली, दोन. खरं तर आधी पिल्लं दिसलीच नाहीत. आधी दिसला एक पक्षी ज्याच्या पंखाखालून जास्तीचे पाय लोंबत होते. घार वरून गेली तशी त्याने दोन्ही पिल्लं पंखाखाली घेतली होती आणि त्यांचे ते काड्यांसारखे लांब बोटांचे पाय बाहेरच राहिले होते. धाकटा (वय ४) स्कोपला डोळा लावून म्हणाला, "याला सहा पाय आहेत." वहीत मोठीने तसंच लिहिलंय. मी खोडलेलं नाही.

घरट्याजवळ आम्ही एकदाही गेलो नाही. सगळं पाळीवरून. त्यामुळे फोटो असे आहेत की ठिपका कुठे ते बाणाने दाखवावं लागतं. चालतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. यंदा मामाजींनी धाकट्याच्या नंदीच्या पाठीवर तारेच्या पायांवर कापसाचा गायबगळा बसवला. बाकी नंदींना झुली, गोंडे, आमच्या नंदीवर पक्षी. बक्षीस मिळालं नाही. "बैलावर बगळा असतोच, त्यात सजावट काय?" असं परीक्षकांचं मत पडलं म्हणे. बरोबरच आहे त्यांचं!

सप्टेंबरात सारसासाठी नियम मोडून एकदा गोंदिया तालुक्यात गेलो. गाव लिहीत नाही, कारण उघड आहे. राज्यातले जवळपास सगळे सारस आपल्याच पट्ट्यात उरलेत आणि तेही चाळिशीच्या आत, तेव्हा घरट्याचा पत्ता कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. धानाच्या बांधीत मधोमध गवताचा ढीग, त्यावर मादी, आणि बांधावर जवळजवळ माणसाच्या उंचीचा नर. शेतकरी भाऊंनी तेवढा तुकडा निंदायचा सोडला होता. आम्ही रस्त्यावरच उभे होतो तरी नर मान ताठ करून आमच्याकडे बघत होता. भाऊ म्हणाले, "म्याडम, तुमच्या फटफटीले नाही भेत ते. पोट्टीचा लाल रेनकोट काढाले सांगा." रेनकोट काढला, मोठी भिजली, नर पाच मिनिटांत चरायला लागला. तेव्हापासून आमच्या घरी लाल आणि पिवळं काही घेत नाही.

ऑक्टोबरात धान निसवायला लागला की तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, उघडतात. आता तिथे लोखंडी दार आहे, पण नाव तेच. मागच्या वर्षीपर्यंत आम्हाला वाटायचं की तलाव आटतोय म्हणजे पक्षी कमी होणार. झालं उलटं. पाणी उतरलं तसा काठाचा चिखल उघडा पडत गेला आणि चार रविवारांत वहीत अकरा नव्या जाती चढल्या: पाणलावा, तुतवाऱ्या, शेकाट्या, बारके चिखले. पाणी किती आहे यापेक्षा ते कुठल्या आठवड्यात किती उतरतं हे बघा. आम्ही पाळीच्या एका दगडावर खडूने खुणा करायला लागलो. ही कल्पना मामाजींची. ते तरुणपणी कुणाच्या बांधीला पाणी कधी सोडायचं ते ठरवणाऱ्यांत होते.

नोव्हेंबरातली चूक कबूल करते. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपला पक्षी सप्ताह, चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या वाढदिवसांना जोडणारा. त्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चक्रांग बदकं ३० अशी नोंद टाकली. तपासणाऱ्यांनी नम्रपणे फोटो मागितला. फोटो मोठा करून पाहिला तर भुवईची फिकट रेघ ठसठशीत, त्याखाली डोळ्यातून जाणारी काळी रेघ, चोचीच्या मुळाशी पांढुरका ठिपका. सगळ्या भुवई बदकाच्या माद्या! नर त्या दिवसांत अजून साध्या पिसांत असतात, त्यामुळे त्यांच्यावरून ओळखायची सोयही नव्हती. नोंद दुरुस्त केली. नवऱ्याने त्या दिवशी वरणाचा सूड घेतला.

हळदीकुंकू बदक मात्र कुणीही चुकू नये. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. धाकट्याचा हा पहिला स्वतः ओळखलेला पक्षी. तारीख २३ नोव्हेंबर. त्याच दिवशी त्याने पहिल्यांदा अख्खी पाळ कडेवर न बसता पार केली. पावलं मोजायला बहीण होती: दोन हजार सहाशे चाळीस. मधे तीनदा बसला, ते धरलेलं नाही.

डिसेंबरात इटियाडोहला एक फेरी. गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. परतताना वाटेतल्या एका तलावाच्या काठी हरभऱ्यात पट्टकादंब चरत होते, एकोणीस. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले. मोठी म्हणाली, "म्हणजे यांचं गाव आणि वसाहतीतल्या आजींचं गाव एकच." मी काही बोलले नाही. पट्टकादंब फाल्गुनात परत जातात, एवढं तिला माहीत आहे.

आता जानेवारी. मामाजींचा मोतीबिंदू पिकला होता आणि ते दोन वर्षं "आता काय बघायचं राहिलं" म्हणून टाळत होते. उजव्या डोळ्याचं झालं संक्रांतीनंतर. महिनाभर धूळ-पाणी नको म्हणून घरात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी आमच्याबरोबर पाळीवर आले. मी दुर्बीण पुढे केली, त्यांनी हातानेच बाजूला सारली. पाळीजवळ चांदव्यांचा थवा होता, काळी अंगं, कपाळावर पांढरी टिकली. आमच्यासाठी चांदवा म्हणजे आकडा लिहून पुढे जायचा पक्षी. मामाजी उभे राहिले ते हललेच नाहीत. मग म्हणाले, "सुनबाई, याची टिकली अजून तशीच हाय जी." कितीतरी वर्षं त्यांना तो थवा म्हणजे पाण्यावरचा काळा डाग होता, आणि आम्ही शेजारी उभे राहून "मामाजी, ते बघा" म्हणत होतो. तो रविवार आम्ही चांदव्यांवरच घालवला. त्या दिवशीची यादी १४, वर्षातली सगळ्यात छोटी.

त्याच महिन्यात मोठी पहिल्यांदा ढिवर (मासेमार) काकांच्या डोंग्यातून तलावाच्या मधल्या भागात मोजणीला गेली. कमरेला रिकामे डबे बांधून, कारण लाइफ जॅकेट तिच्या मापाचं मिळालं नाही. काठावरून आम्ही अडई बदकं ४० धरत होतो. तिने कमळांच्या आत मोजल्या १२६. म्हणजे आजवरचे आमचे अडईचे सगळे आकडे कच्चेच समजा.

मार्च ते मे यात सांगण्यासारखं कमी. पाणी आटलं, मुग्धबलाक शिंपले फोडत बसले, बेशरमचं रान माजलं, आमचे दोन रविवार लग्नात गेले. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. जूनच्या आरंभी सारस मोजणीला मी आणि मोठी पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून गेलो, पहाटे पाचला एका पाळीवर बसून. आमच्या ठिकाणी शून्य आले. शून्यही लिहायचं असतं, हे तिला पटायला दुपार झाली.

आता नवी वही सुरू झालीय आणि यंदा वह्या दोन आहेत. मामाजींनी स्वतःची वेगळी काढली, धानाच्या हिशेबाची जुनी, मागच्या कोऱ्या पानांवर. ते आमची नावं वापरत नाहीत. त्यांच्या तेवीस नोंदींपैकी बावीस आम्ही जुळवल्या. तेविसावीत फक्त एवढंच आहे: "रोवणीत रात्री बोलणारा. लहानपणी होता." (रोवणी म्हणजे धानाची लावणी.) आवाज कसा, विचारलं तर त्यांनी रिकाम्या मडक्यात तोंड घालून काढून दाखवला. माझा संशय वॉटरकॉक या पाणपक्ष्यावर आहे, पण तो आमच्या कुणाच्याच यादीत नाही. परे (धानाची रोपं) तयार झालेत. पाण्याने साथ दिली तर पुढच्या आठवड्यात रोवणी, आणि तेव्हा रात्री बांधावर बसायला मामाजी, मोठी आणि मी. धाकट्याला सांगितलेलं नाही.