मोठे खडे कुणाच्या वाट्याला?

मंगळवार, रात्री

आजची नोंद एकाच प्रश्नासाठी. जीमॅट (व्यवस्थापन) किंवा एलसॅट (कायदा) या प्रवेश परीक्षांमध्ये ‘विसंगतीचा उलगडा करा’ असे प्रश्न येतात: एकमेकांशी न जुळणारी वाटतात अशी दोन विधानं देतात आणि त्यांचा मेळ घालणारा पर्याय निवडायचा असतो. त्यांची सगळी गंमत मुतखड्याच्या या आकड्यांत आहे, आणि आकडे खरे आहेत.

1986 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उपचारांची एक तुलना छापून आली. एका बाजूला चीर देऊन केलेली शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूला पाठीतून बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढणं. रुग्ण दोन्हीकडे 350. चिरेची शस्त्रक्रिया 273 जणांत यशस्वी झाली, म्हणजे 78 टक्के. दुर्बिणीची 289 जणांत, म्हणजे 83 टक्के. पण खड्याच्या आकाराप्रमाणे रुग्ण वेगळे केले की लहान खड्यांत चीर 93 टक्के, दुर्बीण 87. मोठ्या खड्यांत चीर 73, दुर्बीण 69. दोन्ही गटांत सरस ठरलेली पद्धत एकूण बेरजेत मागे!

पर्याय वाचण्याआधी कच्च्या कागदावर दोन ओळी लिहायच्या: ‘प्रत्येक गटात चीर पुढे’, ‘एकूणात दुर्बीण पुढे’. मध्ये ‘तरीही’. बरोबर उत्तर या दोन्ही ओळी जशाच्या तशा ठेवतं. एखादी ओळ खोडायला लावणारा पर्याय (‘आकडे नीट नोंदवले नव्हते’) विसंगती सोडवत नाही, पुसून टाकतो.

सर्वांत जास्त मुलं फसतात ती या पर्यायावर: ‘चिरेची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अधिक अनुभवी होते.’ वाचताना पटतं. पण यातून पहिल्याच ओळीचं कारण मिळतं, दुसरी आणखी बुचकळ्यात टाकते: डॉक्टर इतके अनुभवी, तर एकूणात मागे का? ‘दुर्बिणीने रुग्ण लवकर घरी जातो’ हा पर्याय तर यशाच्या टक्केवारीला शिवतही नाही.

उलगडा वाटणीत आहे. चिरेच्या 350 पैकी 263 रुग्णांचे खडे मोठे होते. दुर्बिणीच्या 350 पैकी 270 जणांचे लहान. आणि मोठा खडा कोणत्याही पद्धतीने काढायला अवघडच. अवघड रुग्ण एकीकडे गोळा झाले, तिथली सरासरी खाली आली.

इथे एक बारीक गोष्ट हमखास निसटते. ‘चिरेसाठी मोठे खडे जास्त आले’ एवढंच म्हणून भागत नाही. आकाराने यशात काही फरक पडत नसता, तर वाटणी कितीही विषम असली तरी निकाल उलटला नसता. वाटणी विषम आणि मोठ्या खड्यांत यश कमी, हे दोन्ही लागतं. प्रश्नात दुसरी गोष्ट आकड्यांतूनच दिसत असेल तर पर्यायात पहिली पुरते. दिसत नसेल तर पर्यायानेच ती सांगायला हवी. दोन पर्यायांत घुटमळायला होतं तेव्हा निर्णय बहुधा इथेच लागतो.

प्रश्नात ‘खरे मानल्यास’ हे शब्द असतात, ते सोडायचे नाहीत. पर्याय खरा आहे की नाही, यावर वाद घालणं म्हणजे वेळ वाया घालवणं. सध्याच्या जीमॅटच्या व्हर्बल भागात 23 प्रश्नांना 45 मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहूनही थोडी कमी.

ही उलटापालट संख्याशास्त्रात सिम्पसनचा विरोधाभास म्हणून ओळखली जाते. एडवर्ड सिम्पसन यांनी 1951 मध्ये तिच्यावर लिहिलं होतं.

घरी सवड असली की एक हिशेब जरूर करून बघावा. दोन्ही पद्धतींना 175 लहान आणि 175 मोठे खडे द्यायचे, यशाचं प्रमाण त्या-त्या गटाचंच ठेवायचं. चिरेची सरासरी 93 आणि 73 च्या मधोमध, 83 येते. दुर्बिणीची 87 आणि 69 च्या मधोमध, 78. आधीचेच दोन आकडे, फक्त जागा बदललेल्या.