गो आणि नो-गो

बुशचं बोअर, म्हणजे धातूच्या नळकांड्याचं आतलं भोक, तपासायला आमच्याकडे प्लग गेज असतं. एक दांडी, तिच्या दोन टोकांना दोन गुळगुळीत गोल. २५ मिलिमीटरचं एच-सेव्हन बोअर (एच-सेव्हन म्हणजे माप किती मोठं चाललं तर चालेल त्याची ठरलेली हद्द) असेल तर एक टोक २५.००० चं, ते आत गेलंच पाहिजे. दुसरं २५.०२१ चं, ते आत जाता कामा नये. पहिलं 'गो', दुसरं 'नो-गो'. मधे अंतर एकवीस मायक्रॉनचं. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात हेच देतो, कारण यात डोकं चालवावं लागत नाही. जातंय की नाही, एवढंच बघायचं.

फेब्रुवारीपासून मी असलं एखादं गेज मेलसाठी शोधतोय.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. दिवसाला पंचवीस-तीस मेल यायचे, त्यातले चार-पाच कामाचे. फेब्रुवारीत पुण्याला एका औद्योगिक प्रदर्शनाला गेलो. तिथं दर दुसऱ्या स्टॉलवर काचेचं भांडं ठेवलेलं, त्यात आपलं कार्ड टाकायचं, संध्याकाळी लकी ड्रॉ. मी चौदा भांड्यांत चौदा कार्डं टाकली. बक्षीस लागलं नाही, पण आमचा पत्ता मात्र साऱ्या जगाला लागला. पंधरा दिवसांत दिवसाचे मेल चारशेवर गेले.

चारशे म्हणजे काय, ते आमच्या ताईंना विचारा. ताई सोळा वर्षं आमचे हिशेब बघतात, मेलही त्याच उघडतात. पहिल्या सोमवारी त्या केबिनच्या दारात येऊन म्हणाल्या, "दादा, पाच जणांनी पैसे भरलेत म्हणे, पावत्या जोडल्यात. बँकेत तर एक रुपाया न्हाई." पावत्या उघडू नका, असं ओरडेपर्यंत नशिबानं त्यांनी एकही उघडली नव्हती. मग कळलं की आमचा मेलबॉक्स भरलाय, आज रात्री बंद पडणार, वाचवायचा तर इथे पासवर्ड टाका. आमचं पार्सल तीनदा दारावरून परत गेलंय. तीन दिवसांत घरबसल्या आयएसओ सर्टिफिकेट मिळेल. आमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर नाही (खरं आहे, पण हे सांगणाऱ्यांचीच तरी कुठे दिसते?). आणि सर्वांत गोड म्हणजे 'वर्षातील आघाडीचे उद्योजक' या पुरस्कारासाठी माझी निवड झालीय, फक्त नोंदणी शुल्क भरायचंय. खोटं कशाला बोलू, हा मेल मी दोनदा वाचला.

घरच्या मेलचं बरं असतं. अनोळखी माणसाचा आला की पुसून टाकावा, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. धंद्याचं तसं नाही. धंदा अनोळखी माणसावरच चालतो. आज जे आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांचंही पहिलं पत्र परक्याचंच होतं. म्हणून तर पत्ता वेबसाइटवर लावायचा, कार्डावर छापायचा, डायरेक्टरीत द्यायचा. दारावर पाटी लावून वर कोणी येऊ नये म्हणायचं, हे जमायचं कसं?

पहिले काही दिवस मी प्रत्येक मेलच्या तळाशी जाऊन इमानदारीत 'अनसबस्क्राईब' दाबत बसलो. नावाजलेल्या कंपन्यांचे मेल थांबले. बाकीच्यांना या पत्त्यावर कोणीतरी जिवंत आहे, एवढीच बातमी मिळाली आणि ते दुप्पट जोमानं आले. मग आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावलं. त्यानं फिल्टर आवळला. पुढचे चार दिवस काय शांतता होती! पाचव्या दिवशी कोइमतूरहून फोन आला. पंपवाले जुने गिऱ्हाईक. "कोटेशन द्यायचं नाही का साहेब? ड्रॉइंग पाठवून चार दिवस झाले."

स्पॅम फोल्डर उघडला. तिथं त्यांचा मेल एका नायजेरियन वारसदाराच्या आणि एका वजन घटवणाऱ्या चहाच्या मधे बसलेला. फिल्टरचं तरी काय चुकलं? विषय सगळा मोठ्या अक्षरांत, 'अर्जंट' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं, आत एक ओळ, खाली झिप फाइल. ठक लोक असाच मेल लिहितात, कारण आमच्यासारख्या खऱ्या लोकांचे मेल बघूनच ते लिहायला शिकलेत. हल्ली तर उलटंच झालंय. ज्याचं इंग्रजी निर्मळ, नम्र आणि स्वल्पविरामासकट शुद्ध, त्याच्यावर मला आधी संशय येतो. खरं गिऱ्हाईक एवढं नीट लिहीत नाही. त्याला घाई असते.

जूनमध्ये मात्र अंगावर काटा आला. आमच्या स्टीलवाल्या सप्लायरचा मेल आला: बँक बदललीय, या महिन्याचे पैसे नव्या खात्यात भरा. लेटरहेड त्यांचं, खाली सही त्यांची, बिलाचा नंबरसुद्धा बरोबर. फिल्टरनं तो हसतमुखानं आत सोडला. ताईंनी अडवला. म्हणाल्या, "ह्यात मला 'रिस्पेक्टेड मॅडम' लिहिलंय. ते शेठ आजवर 'ताई नमस्कार' सोडून काय लिहीत न्हाईत." फोन लावला. शेठनं बँक बदललीच नव्हती. मग भिंग लावल्यागत पत्ता वाचला, तर नावातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं खेटून बसवलेली. एकवीस मायक्रॉनचंसुद्धा अंतर नाही, आणि रक्कम होती पावणेचार लाख.

याला कायदा नाही का, असं मी वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, ही तर सरळ फसवणूक, पोलिसांत जाता येतं. पण नुसत्या कटकटीच्या मेलसाठी काही नाही. १९०९ या नंबरवर नोंदणी केली तर फोन आणि एसएमएसपासून थोडी सुटका, मेल त्यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ए मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याचं मूळ लपवण्यासाठी केलेला मेल हा गुन्हा होता, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली तीही त्याच कलमाखाली, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते अख्खं कलम रद्द केलं. योग्यच केलं. त्या मुलींच्या बदल्यात मला वजनाच्या चहाचे मेल परवडतात.

तेवढ्यात आणखी एक भानगड समजली. आमचीच कोटेशनं लोकांकडे पोचत नव्हती. पोरानं तपासलं आणि मान हलवली. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना जास्त कडक, पण ओळखपत्र आमच्यासारख्या किरकोळांनाही लागतं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी नावं तो घडाघडा बोलायला लागला. त्याला थांबवून मी म्हटलं, मला गेटवरच्या भाषेत सांग. तर एसपीएफ म्हणजे आमचा माल कोणकोणत्या गाड्यांतून येईल त्याची गेटवर लावलेली यादी. डीकेआयएम म्हणजे चलनावरचा शिक्का, वाटेत खाडाखोड झाली तर तो जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे दोन्ही जुळलं नाही तर माल आत घ्यायचा, बाजूला ठेवायचा की परत पाठवायचा, ही वॉचमनला दिलेली सूचना. आमच्या गेटवर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे पलीकडच्या वॉचमनच्या लेखी चलन नसलेला टेम्पो आमचाच.

एवढ्यावर भागलं नाही. "दिवाळीला तुम्ही सहाशे जणांना एकदम शुभेच्छा पाठवता ना?" पोरानं विचारलं. पाठवतो. पत्ते कुठले? मी गप्प बसलो. तीन वर्षांपूर्वी त्याच प्रदर्शनात आमचाही छोटा स्टॉल होता. टेबलावर काचेचं भांडं होतं. बक्षीस मिक्सर.

पोरानंच मग सांगितलं की जगातला पहिला स्पॅम मानतात तो मे १९७८ मधला. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीचा गॅरी थर्क नावाचा मार्केटिंगवाला. अर्पानेट या तेव्हाच्या नेटवर्कची छापील डायरेक्टरी होती, तिच्यातून चारशेच्या आसपास पत्ते काढले आणि नव्या मशिनचं प्रात्यक्षिक बघायला या, असं सगळ्यांना एकदम कळवलं. पुष्कळ लोक भडकले. ऐकताना मला त्या माणसाचा राग येईना. नवीन मशिन आलंय, बघायला या. यात काय वाईट? मी असतो तर मीही चारशे जणांना कळवलं असतं. कळवलंच होतं की, सहाशेंना.

या दिवाळीला यादी ताईंपुढे ठेवली. त्यांनी लाल पेन घेतलं. "ज्यांनी कधी माल नेलाय, निदान भाव तरी विचारलाय, तेवढेच ठेवायचे." एक्केचाळीस उरले. एक्केचाळीस जणांना नावानिशी, वेगवेगळ्या शुभेच्छा लिहिल्या. यादी, शिक्का, वॉचमनची सूचना, सगळं जागेवर. पाडव्याला नऊ उत्तरं आली, भाऊबीजेपर्यंत आणखी चार.

तुळशीची लग्नं होऊन गेल्यावर कोइमतूरवाल्यांचा मेल आला. विषय मोठ्या अक्षरांत, तीन उद्गारचिन्हं. शुभेच्छांबद्दल आभार मानले होते, उशिराबद्दल माफी मागितली होती. तुमचा मेल स्पॅममध्ये पडला होता, आजच दिसला, असं लिहिलं होतं.

तो मेलही मला स्पॅममध्येच सापडला.