चाल आधी, शब्द मागून

गाण्यात शब्द मोठे की चाल, हा वाद आमच्या मित्रांत परत पेटलाय आणि मी सरळ चालीच्या बाजूने आहे. बेळगावात वाढलेल्या माणसाला दुसरं काही म्हणणं जड जातं हो, घरात मराठी, बसमध्ये कानडी, मोबाईलवर हिंदी, त्यामुळे कितीतरी गाणी शब्द कळायच्या आधीच तोंडात बसलेली असतात.

संगीत नाटकाचंच बघा. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1880 ला शाकुंतल, 1882 ला सौभद्र, आणि त्यातल्या पदांच्या चाली साकी-दिंडीसारख्या जुन्या मराठी पद्यप्रकारांपासून कानडी पदांपर्यंत कुठून कुठून आलेल्या. जुनं नाटकाचं पुस्तक मिळालं तर उघडून बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून भलत्याच गाण्याची ओळ छापलेली असते, म्हणजे चाल आधीच लोकांच्या कानात, शब्द मागून तिच्या मापाने बेतलेले.

खानापूरकडचा माझा मित्र भजनात पेटी वाजवतो, तो लगेच उसळला, "आणि तुकोबांचा अभंग दहा चालीत म्हणतोय आम्ही, तिथं काय टिकतंय गा? शब्दच की!" मुद्दा खराय. पण मग चाल बदलावी का लागते? रात्री उशिरा टाळकरी ढेपाळले की हाच पठ्ठ्या चाल बदलून वरच्या पट्टीत घेतो, अभंग तोच, आणि सगळे ताठ होऊन बसतात.

शब्दांचं काम मला कळलं ते 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'मुळे. पुरंदरदासांचं पद, भीमसेनजींच्या आवाजातलं, शेजारच्या कानडी काकू शुक्रवारी लावायच्या आणि मी अर्थ न कळता गुणगुणायचो. एकदा त्यांनीच सांगितलं, लक्ष्मीला बोलावलंय, पावलावर पाऊल टाकत, पैंजण वाजवत ये, ताकातून लोणी वर यावं तशी ये. तेव्हापासून तो ठेका मला पावलांचाच ऐकू येतो, कुणीतरी खरंच उंबऱ्याकडे येतंय असं वाटतं. म्हणजे शब्दांनी चालीतच भर घातली. पण गाणं आवडलेलं होतं त्याच्या कितीतरी आधीपासून, हे मी सोडणार नाही.

आणि कुमार गंधर्व? 1924 ला इथे सुळेभावीत जन्मले, घरची भाषा कानडी, आजारपणामुळे देवासला गेले आणि तिथल्या माळवी लोकगीतांच्या धुनांत त्यांना राग दिसले, त्यातून त्यांनी धुनउगम राग उभे केले. गाण्याचे शब्द माळव्यात राहिले, धून मात्र मैफिलीत येऊन बसली.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. निपाणी, चिकोडीकडच्यांनी तर एवढं सांगाच, शब्द न कळता तुम्ही कुठलं कानडी गाणं गुणगुणता?